विलासचं कोपर

पहाडगंजच्या आमच्या मराठी शाळेत मी चौथीला शिकवते. दिल्लीत वाढलेल्या मुलांना आई, बाबा, पाणी, जेवण एवढं मराठी छान येतं. त्यापलीकडे गेलं की ती बिनदिक्कत हिंदीत शिरतात. शरीराचे अवयव शिकवत होते तेव्हा क्षिप्रा नावाच्या माझ्या एका चुणचुणीत विद्यार्थिनीने विचारलं, "टीचर, कोपर मतलब?"

मी पर्समधून एक फोटो काढला. त्यात एक मंत्री, एक उद्योगपती, दोन पुष्पगुच्छ आणि अगदी डाव्या कडेला सफारीच्या अर्ध्या बाहीतून बाहेर आलेलं एक कोपर होतं.

"हे कोपर," मी म्हणाले.

"किसका है?"

"माझ्या नवऱ्याचं."

वर्गाने ते कोपर फार आदराने पाहिलं. पुढच्या चाचणीत 'कोपर' कुणाचंही चुकलं नाही.

तो फोटो माझ्या पर्समध्ये असायचा, कारण नोकरीवर असतानाचा विलासचा त्याहून स्पष्ट फोटो आमच्या घरात नव्हता. विलास महाराष्ट्र सरकारच्या दिल्लीतल्या अतिथीगृहात राजशिष्टाचाराचं काम बघायचा. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या इमारतीत लागला आणि पुढे कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या इमारतीत आला. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला विमानतळावर घ्यायचं, पुष्पगुच्छ द्यायचा, गाडीचं दार उघडायचं, ऊन असो की पाऊस, डोक्यावर छत्री धरायची आणि कॅमेरा वर झाला की चौकटीतून नाहीसं व्हायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड, असं तो म्हणायचा. पाहुण्याला पाठ दाखवायची नसते, म्हणून उलटं चालत, कमरेत वाकून, एक हात 'यावं सर' असा पुढे ठेवत सटकायचं. पोर्चपासून फाटकापर्यंत तो असा उलटा जायचा आणि एकाही कुंडीला त्याचा धक्का लागत नसे.

हे सगळं ऑफिसात ठेवून घरी आला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण माझा भाऊ पुण्याहून आला की विलास त्याच्या हातातली बॅग घेऊन विचारायचा, "प्रवास ठीक झाला ना, सर?" सख्ख्या मेव्हण्याला सर! आमच्या मुलीच्या, उत्तराच्या लग्नात तर कहर केला. कन्यादानाच्या वेळी फोटोग्राफरने कॅमेरा उचलला आणि हा गृहस्थ पाटावरून उठून वाकत वाकत मागे गेला. अल्बममध्ये मुलगी आहे, जावई आहे, मी आहे आणि माझ्या शेजारी एक रिकामा पाट आहे. उत्तराच्या सासूबाई अजून तो फोटो बघून मला हळू आवाजात विचारतात, "तेव्हा काही बिनसलं होतं का हो?"

तर या माणसाच्या आयुष्यात नाच आला तो उजव्या खांद्यामुळे. जन्मभर दुसऱ्याच्या डोक्यावर छत्री धरून तो खांदा आखडला होता. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, "इसे हिलाइए. जैसे मर्ज़ी हिलाइए."

शनिवारी माझी शाळा लवकर सुटते. विलासला सुट्टी असली की तो मला घ्यायला येतो आणि गल्लीत उभा राहतो. त्या गल्लीत एक स्वस्तातलं हॉटेल आहे. एका शनिवारी त्याच्या तळघरातून दणदण गाणी येत होती, म्हणून याने जिन्यातून डोकावलं. खाली एक मुलगा एकटाच उभा होता आणि त्याचे हात, मान, छाती एकापाठोपाठ एक झटके खात होती. पोराला करंट लागलाय हे विलासने तत्काळ ओळखलं. अशा वेळी आधी मेन स्विच, हे त्याच्या अंगात भिनलेलं. जिन्याखालच्या बोर्डाचा खटका त्याने छत्रीच्या मुठीने खाली ओढला. अख्खं हॉटेल अंधारात गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून कुणीतरी परदेशी पाहुणा त्याच्या भाषेत शिव्या द्यायला लागला. आणि तो करंट लागलेला मुलगा अगदी खणखणीत आवाजात म्हणाला, "अंकल, लाइट क्यों काटी?"

तेवढ्यात आतून एक मुलगी मोबाइलचा उजेड पाडत आली. "अगं बाई, विलासकाका! तुम्ही इथं?"

ही तेजश्री. हिंगोलीची. कलेक्टर व्हायला दिल्लीत आली, दोनदा पूर्वपरीक्षा देऊन झाली. रविवारी अतिथीगृहाच्या कँटीनमध्ये पिठलं-भाकरी खायला यायची, तिथे विलास तिला ओळखायचा. अभ्यासाबरोबर ती त्या तळघरात नाच शिकवते, हे त्याला तेव्हा कळलं.

"काका, करंट नाही लागलेला त्याला. पॉपिंग म्हणतात याला. अंगातला एकेक स्नायू झटक्यात आवळायचा आणि सोडायचा. रस्त्यावरचा नाच आहे हा."

विलासने एकच प्रश्न विचारला, "यात खांदा हलतो का?"

"काका, यात खांदाच हलतो."

मी शाळेतून निघून पोहोचले तेव्हा आमचे हे भिंतीवरच्या आरशासमोर, नातवंडं शोभतील अशा पोरांच्या रांगेत, सफारी घालून खांदे उडवत होते. मी जिन्यातच बसकण मारली.

पुढचे काही महिने आमचं मयूर विहारचं घर म्हणजे वेड्यांचा बाजार होता. विलास सरकारी माणूस, हाती घेतलेलं काम तो नेटाने पुरं करणार. कणीक मळताना तो मनगटातून खांद्यापर्यंत लाट न्यायचा. कुकरची शिट्टी झाली की होता तिथे पुतळ्यासारखा थांबायचा, कारण नाचाच्या शेवटी असं थांबायचं असतं आणि त्याला ही मुलं फ्रीझ म्हणतात. एकदा हातात फोडणीची पळी होती. शिट्टी झाली, हा थांबला, मोहरी जळून कोळसा झाली आणि वर मलाच म्हणतो, "सुमित्रा, हललो का मी?" मेट्रोत वरची कडी धरून त्याने मानेचा सराव सुरू केला. समोरच्या बाईंनी ताडकन उठून त्याला जागा दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कब से है इनको?" गुरुग्रामहून उत्तराचा फोन आला. "आई, बाबा ठीक आहेत ना? म्हणजे बिल्कुल ठीक?"

"खांदा ठीक आहे," मी म्हणाले. "बाकीचं मी सांगू शकत नाही."

खांदा खरंच सुटला होता. दिवाळीला वरच्या फळीवरचा फराळाचा डबा त्याने स्वतः काढला. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण विलास थांबेना. सगळे झटके, सगळ्या लाटा त्याला घड्याळासारख्या जमायला लागल्या होत्या आणि तरी तेजश्री खूश नव्हती.

"काका, तुमची प्रिलिम निघाली, मेन्सही निघाली," ती एकदा माझ्यासमोर म्हणाली. "पण तुम्ही इंटरव्ह्यूत अडकताय. सगळं बरोब्बर करता, पण करतंय कोण ते दिसतच नाही."

"थँक यू," विलास मनापासून म्हणाला. त्याच्या खात्यात याहून मोठी शाबासकी नसते. तेजश्रीने कपाळावर हात मारला.

अशात दिलीपचा फोन आला. दिलीप म्हणजे विलासच्या हाताखालचा सहायक, मोठा उत्साही प्राणी. विलासची निवृत्ती जानेवारीअखेर होती. "वहिनी, निरोप समारंभाला मोठा बोर्ड करतोय. विलाससाहेबांचा कामावरचा एक झकास फोटो पाठवा."

माहीत असूनही मी सगळे अल्बम काढले. आम्ही दोघं जमिनीवर बसून बघत गेलो. एका फोटोत पुष्पगुच्छ धरलेली बोटं. एकात बुटाचं टोक. एकात नुसती छत्री, जणू तिला कुणी धरलेलीच नाही. विलास आधी मजेत होता. "ही बघ, ही माझी छत्री! हा गारपिटीच्या वर्षीचा." मग तो नुसती पानं उलटत गेला. शेवटचा अल्बम मिटवून म्हणाला, "सुमित्रा, मी होतो ना गं तिथे?"

मला इतका राग आला! त्याच्यावर, त्या सगळ्या फोटोग्राफरांवर, त्या हसऱ्या पाहुण्यांवर. "होतास," मी म्हणाले. "तू नसतास तर ते सगळे भिजले असते."

"एकदा मध्ये उभं राहायचंय गं," तो म्हणाला. "निवृत्त व्हायच्या आधी. फक्त एकदा."

त्या दिवसापासून मी त्याच्या नाचाला नावं ठेवायची बंद केली. फोडणी मात्र स्वतः करायला लागले.

कॅनॉट प्लेसच्या मधल्या बागेत हिवाळ्यातल्या रविवारी ही नाचणारी पोरं जमतात. गोल करून उभी राहतात, गाणं लागतं आणि ज्याला वाटेल तो मध्ये जातो. कुणी नाव पुकारत नाही, कुणी नंबर देत नाही. विलासला हेच समजेना. "पण क्रम कोण ठरवतं?" त्याने तेजश्रीला दोनदा विचारलं. मग तो जो येईल त्याला हात पुढे करून मध्ये पाठवायला लागला. "आइए, आप आइए. प्लीज." तासभर त्याने अख्ख्या दिल्लीच्या पोरांचं स्वागत केलं. मी शेंगदाणे खात बाकावर बसले होते. शेवटी तेजश्रीने त्याला सरळ मागून ढकललं.

विलास मध्ये गेला. माकडटोपी काढली. पहिला झटका असा सुरेख बसला की पोरं "ओय होय" म्हणाली. आणि मग, कौतुकानेच, सगळ्यांनी मोबाइल वर केले.

झालं. इतके कॅमेरे एकदम वर झालेले पाहून विलासची कंबर वाकली, हात 'यावं सर' असा पुढे आला आणि तो सरसर उलटा चालत पोरांच्या मधून, शेंगदाणेवाल्याच्या टोपलीला वळसा घालून, थेट माझ्या बाकापाशी येऊन थांबला. गोलात कुणीच उरलं नव्हतं. पोरांनी टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्ला केला. त्यांना वाटलं, हीच अंकलची खास चाल. विलासच्या डोळ्यांत पाणी होतं. "चल घरी," तो म्हणाला. "हे आपलं काम नाही."

तेजश्री धावत मागे आली. "काका, ते काय होतं?"

"चूक झाली. सवय आहे मला."

"अहो, ती चूक नाही! ते तुमचं आहे." ती बाकावर माझ्या शेजारी टेकली. "मी ही खांद्याची मूव्ह करते ना, दोन्ही हात वरून खाली, सगळे विचारतात कुठल्या व्हिडिओतून उचलली. व्हिडिओ कसला! आमच्या गल्लीत हापसा होता. उन्हाळ्यात मी आणि आई रोज तो हापसायचो. नाचताना मला तोच आठवतो. तो करंट लागलेला तुमचा मित्र, त्याचे बाबा बसमध्ये कंडक्टर. तो नाचतो तेव्हा बस हलते. टेक्निक मी शिकवते, पण मध्ये जाऊन काय सांगायचं ते ज्याचं त्याने आणायचं असतं. तुम्ही इतकी वर्षं जे केलंत ते घेऊन या की."

"छत्री धरणं? हा नाच आहे का?"

"तुम्ही करून बघा, मग सांगा."

विलासने घरी येऊन करून पाहिलं. आधी दिवाणखान्यात, मग दार लावून. मी फटीतून पाहत होते. न दिसणारी गाडी आली. त्याने न दिसणारं दार उघडलं, छत्री उघडली, न दिसणाऱ्या माणसाच्या चालीप्रमाणे तिचा कल बदलला. मंत्री जाडे असले की पावलं तोकडी, आमदार नवे असले की घाई. प्रत्येक झटक्यात एकेक पाहुणा होता. मी हसून हसून भिंतीला टेकले आणि मग कधी हसू थांबलं ते कळलं नाही. मी पस्तीसेक वर्षं या माणसाबरोबर संसार केला होता आणि त्याला कामावर पहिल्यांदाच बघत होते.

पुढच्या एका रविवारी त्याने हेच बागेत केलं. त्या मराठी येत नसलेल्या, कधी मंत्री न पाहिलेल्या पोरांना सगळं कळलं. न दिसणारा पाहुणा चिखलात घसरला तेव्हा ती खो खो हसली, आणि छत्री धरणारा एकटाच भिजला तेव्हा चिडीचूप झाली. सुरक्षारक्षक हाकलायला आला होता, तोही शिट्टी तोंडात धरून बघत राहिला. फक्त शेवट हुकला. गाणं थांबलं, फ्रीझ करायचा, सगळे मोबाइल रोखलेले. आणि विलासचा डावा पाय मागे सरकलाच. अर्ध्या क्षणात तो गोलाबाहेर होता. पोरांनी त्याला मिठ्या मारल्या. तो मात्र मेट्रोत बसल्यावर मला म्हणाला, "बाकी सगळं जमलं. तेवढं थांबणं राहिलं बघ."

"राहू दे रे," मी म्हणाले. पण ते राहू नये असं मलाच फार वाटत होतं.

जानेवारीअखेर निरोप समारंभ झाला. बोर्डवर दिलीपने शेवटी फोटोऐवजी गुलाबाचं फूल छापलं होतं. व्यासपीठावर मोठे साहेब, विलास आणि मी. समोर सगळा स्टाफ, मागच्या रांगेत तेजश्री. साहेब फार आपुलकीने बोलले. मग त्यांनी विलासला शाल पांघरली आणि पुष्पगुच्छ दिला. विलासने तो दोन्ही हातांनी घेतला आणि सवयीने तसाच साहेबांना परत दिला. साहेबांनी हसून पुन्हा दिला. त्याने पुन्हा परत दिला. तिसऱ्या वेळी मी मध्ये हात घातला आणि तो गुच्छ काढून घेतला.

"सर, इधर देखिए," फोटोग्राफर म्हणाला आणि त्याने कॅमेरा वर केला.

विलासचा डावा पाय मागे गेला. तो पाय मी चांगला ओळखते. कंबर वाकली, हात साहेबांच्या दिशेने पुढे आला, खांद्यावरची शाल घसरली. अजून एक पाऊल आणि तो माझ्या खुर्चीमागे गेला असता. माझ्या शेजारी पुन्हा तो रिकामा पाट दिसायला लागला.

आणि विलासच्या उजव्या खांद्याला एक झटका बसला. स्वच्छ, कोरडा, तळघरात शिकलेला. तो आहे तिथे थांबला.

अर्धा वाकलेला, एक पाय मागे, एक हात पुढे, शाल लोंबती. हलेना. सभागृहात कुजबुज झाली. दिलीप "विलाससाहेबांना चमक भरली!" म्हणत खुर्ची घेऊन धावला. मागून तेजश्रीचा आवाज आला, "काका, होल्ड!"

"अंकल, सीधे खड़े हो जाइए," फोटोग्राफर म्हणाला.

"नहीं," विलास ओठ न हलवता म्हणाला. "ऐसे ही लो."

एवढ्या नोकरीत त्याने कॅमेरावाल्याला 'नहीं' म्हटल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. फोटो निघाला.

तो आता आमच्या बैठकीत लावलाय. येणारे-जाणारे विचारतात की विलासरावांच्या पाठीचं काय झालं. माझा भाऊ म्हणाला, याहून बरा नव्हता का निघाला? मी त्याला चहा दिला नाही.

फोटोची एक प्रत मी पर्समध्ये ठेवली आणि शाळेत नेली. क्षिप्राने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला.

"टीचर, ये वही कोपरवाले अंकल हैं?"

"हो."

"ये तो पूरे हैं!"

"पूरे नाही, बाळा," मी म्हणाले. "मराठीत सांग. अख्खे."

मग मी तो शब्द फळ्यावर लिहायला घेतला आणि मुलांकडे पाठ करून बराच वेळ लिहीत राहिले.